मोतीबागेचे वस्ताद

वाचकहो, ऊस गाळपाला गेला, शाळूची रास घरात आली, की शेतकऱ्याच्या घरी कोल्हापूरला जाण्याचा विषय हमखास निघतो. अंबाबाईचे दर्शन, जमले तर जोतिबाचा डोंगर, रंकाळ्यावरची हवा, घरधन्याला चपलांचा जोड आणि घरधनिणीला एखादे लुगडे, एवढे उरकून मंडळी सांजच्या एस.टी.ने माघारी येतात. पुढच्या खेपेला जाल तेव्हा दोन घटका जास्तीच्या हाताशी ठेवा. बरोबर वयात येणारा मुलगा असेल आणि त्याने घरात "मला तालमीत घाला" असा हट्ट धरला असेल, तर त्यालाही घेऊन चला. कारण आज आपण जे पाहायला जाणार आहोत, ते त्याच्याही उपयोगाचे आहे आणि त्याच्या आईबापाच्याही.

देवळातून निघून भवानी मंडपात या. जुन्या राजवाड्याचे हे अंगण. बाजूला भाविकांची वर्दळ, फुलवाले, नारळवाले, आणि त्याच परिसरात मोतीबाग तालीम. बाहेरून पाहिले तर डोळ्यांत भरावे असे काही नाही. आत शिरताना पायताण काढायचे, मारुतीला हात जोडायचे आणि बोलायचे ते हळू आवाजात. तालमीत पहिली भेट होते ती वासाची. तेल, ताक, हळद, कापूर आणि घाम यांचा मिळून एक वास असतो. ज्याने तो लहानपणी घेतला तो माणूस म्हातारपणीही विसरत नाही.

तालमीच्या मधोमध हौद असतो. पाण्याचा नव्हे, मातीचा. ही माती म्हणजे रानातून आणून टाकली आणि झाले, असे नसते. तांबडी माती आधी चाळून पिठासारखी करतात. मग तिच्यात तेल, ताक, लिंबाचा रस, हळद, काव, कापूर असे जिन्नस घालून ती मुरवतात. तेलाने माती अंगाला कोरडी लागत नाही, खरचटले तर हळद कामी येते. रोज सराव सुरू होण्याआधी पोरांनी खोऱ्याने हौद उकरून भुसभुशीत करायचा. पेरणीआधी आपण जमीन जशी मशागतीने तयार करतो, तशीच ही मशागत. उकरणाऱ्याच्या दंडाला आणि कमरेला मेहनत होते ती वेगळीच.

पैलवानाचा दिवस आपल्या धारेच्या वेळेआधी सुरू होतो. पहाटे अंधारात उठून जोर आणि बैठका. मग हौदात उतरून लढत. एकाशी झाली की दुसरा, दुसऱ्याशी झाली की तिसरा, अंगातून माती गळेपर्यंत. त्यानंतर अंग रगडून घेणे, आंघोळ, खुराक आणि झोप. दुपार कलली की पुन्हा मेहनत. खुराक म्हणजे दूध, तूप, मटण आणि थंडाई. बदाम भिजवून, सोलून, बडीशेप, खसखस, मिरी, वेलदोडे यांच्याबरोबर दगडी कुंडीत घोटायचे. हे घोटणेसुद्धा मेहनतीतच धरतात. असे वर्षातले तीनशे दिवस, आणि अशी पाच-सात वर्षे गेली, तर पोरगा मैदानात नाव घेण्यासारखा होतो. होतोच असेही नाही.

आता एक प्रश्न मनात धरा आणि तालमीतून बाहेर पडा. एवढे सारे करून पैलवानाचा धंदा टिकतो किती वर्षे? आपल्याकडे सर्रास म्हणतात, पैलवानी म्हणजे पंचविशी ते पस्तिशी. बैलाची उमेद जशी ठराविक वर्षांची, तशी पैलवानाचीही. मग गुडघे बोलू लागतात, दम कमी पडतो आणि कालचे पोर येऊन पाठीला माती लावून जाते. हे म्हणणे खोटे नाही. पण याच मोतीबागेत एक माणूस असा होऊन गेला, की ज्याची कुस्ती लंगोट उतरल्यावर संपली नाही. उलट खरी लांबण तिथूनच लागली. त्यांचे नाव गणपतराव आंदळकर.

त्यांची गोष्ट सांगण्याआधी खासबाग मैदान पाहून घेऊ, म्हणजे ही गोष्ट कोणत्या मातीत वाढली ते कळेल.

खासबाग : राजाने बांधलेला फड

भवानी मंडपातून खासबाग पायी जाण्याइतके जवळ. वाटेत खाऊगल्ली लागते. पोरांना भेळ घेऊन द्या आणि मैदानाच्या काठावर उभे राहा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते, ही एखादी मोठी गोल विहीरच आहे. मधोमध तळाला कुस्तीचा हौद आणि त्याच्याभोवती चहूबाजूंनी वर चढत गेलेला उतार. कुठे खांब नाही, कुठे आडोसा नाही. सगळ्यात मागे बसलेल्या माणसालाही कुस्ती तेवढीच स्वच्छ दिसते. हजारो माणसे या उतारावर मावतात.

हे मैदान राजर्षी शाहू महाराजांनी बांधवले. 1902 साली ते विलायतेला गेले होते, तेव्हा त्यांनी रोम शहरातले जुने गोल क्रीडागार पाहिले. तसे काही आपल्या मल्लांसाठी व्हावे असे त्यांच्या मनाने घेतले आणि 1912 साली खासबाग मैदान उभे राहिले. महाराज स्वतः अंगापिंडाने दणकट आणि कुस्तीचे मोठे शौकीन. उत्तरेकडचे नामांकित मल्ल त्यांनी कोल्हापुरात आणले, जगजेत्त्या गामाचा भाऊ इमामबक्ष या खासबागेत लढला. पेठापेठांतून तालमी उभ्या राहिल्या, आणि खेड्यातल्या गरीब घरच्या पोराला दरबारातून खुराक मिळू लागला. एका पैलवानाच्या खुराकाला घरची दुभती म्हैस पुरत नाही, हे आपण जाणतोच. तो भार राजाने उचलला म्हणून कोल्हापूर मल्लांचे गाव झाले.

मैदानाला लागूनच संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह आहे. तेही शाहू महाराजांच्याच काळातले. कुस्ती आणि नाटक शेजारी शेजारी नांदवणारा राजा विरळाच. 2024 च्या ऑगस्टमध्ये त्या नाट्यगृहाला मोठी आग लागली, त्या वेळी साऱ्या कोल्हापूरच्या पोटात कालवले. खासबागेकडच्या बाजूलाही तिची झळ लागली. दगडविटांच्या वास्तूंनाही वय असते आणि अपघातही असतात, हे तिथे उभे राहिले की जाणवते.

शाहू महाराज 1922 साली गेले. पुढे 1949 साली कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. म्हणजे ज्या दरबाराने पैलवान पोसले तो दरबारच राहिला नाही. आता पैलवानाने कोणाच्या जिवावर जोर काढायचे? नेमक्या याच वळणावर, पन्नासच्या दशकात, शिराळ्याकडचा एक तरुण कोल्हापूरच्या मातीत घडत होता.

वारणेकाठचे पोर

कोल्हापूरहून शिराळ्याला जायला वाटा दोन. एक महामार्गाने पेठ नाक्यापर्यंत जाऊन तिथून आत वळायचे. दुसरी वारणानगर-कोडोलीच्या अंगाने वारणेच्या खोऱ्यातून. ही दुसरी वाट शेतकऱ्याच्या डोळ्याला सुखवणारी. नदीकाठाला उसाचे मळे, वर चढत जावे तसा भाताचा मुलूख आणि पश्चिमेला सह्याद्रीची निळी रांग. नागपंचमीमुळे बत्तीस शिराळ्याचे नाव साऱ्यांना ठाऊक आहे. याच तालुक्यात पुनवत नावाचे गाव आहे. गणपत कृष्णाजी आंदळकर यांचा जन्म तिथे 15 एप्रिल 1935 रोजी झाला.

या भागात यात्रा म्हटली की देवाची पालखी आणि दुपारी कुस्त्यांचा फड, हे ठरलेलेच. सकाळी रेवड्यांवर आणि नारळावर लहान पोरांच्या कुस्त्या, उन्हे कलली की मोठ्या जोडी. हलगी कडाडते, फेटेवाले पंच हौदात फिरतात, पैलवान माती कपाळाला लावून सलामी देतो. कुस्तीचे इनाम गावाने वर्गणीतून जमवलेले. कुणी पोते विकून दिलेले, कुणी दुधाच्या पैशातून. दरबार गेला तरी कुस्ती का तगली, याचे उत्तर या फडात आहे. राजाच्या जागी गाव उभे राहिले. पुढे सहकारी साखर कारखान्यांनीही मल्लांना हात दिला, वारणानगरच्या मैदानासारखी मोठी मैदाने त्यातूनच नावारूपाला आली. आंदळकरांच्या पिढीचे मल्ल हे राजाचे शेवटचे आणि रयतेचे पहिले मल्ल, असे म्हटले तरी चालेल.

कोल्हापूरला मोतीबागेत येऊन त्यांनी मेहनत केली. उंचपुरे शरीर, मोठा दम आणि डोके थंड. 1959 साली कोल्हापूरच्याच मातीत तयार झालेले श्रीपती खंचनाळे हिंदकेसरी झाले होते. पाठोपाठ 1960 साली तो किताब आंदळकरांनी मिळवला. तेव्हा त्यांचे वय पंचवीस. लागोपाठ दोन वर्षे हिंदकेसरीची गदा कोल्हापुरात आली, त्या वेळी लोकांना काय वाटले असेल याची कल्पना तुम्हीच करा.

पायाला हात लावायचा नाही

यानंतरची गोष्ट मुलांना नीट समजावून सांगण्यासारखी आहे. आपली मातीतली कुस्ती आणि परदेशातली गादीवरची कुस्ती यांत मोठा फरक. मातीत प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला टेकवली, तो चितपट झाला, म्हणजेच निकाल. जुन्या काळी त्याला वेळेचे बंधनही नसे. दोन तुल्यबळ मल्ल तास तास झटत राहत. गादीवर मात्र घड्याळ लावलेले असते आणि डावाडावाला गुण मिळतात. त्यातही दोन प्रकार. एक फ्रीस्टाइल, म्हणजे अंगाला कुठेही पकड घालता येते. दुसरा ग्रीको-रोमन. यात कमरेखाली पकड नाही, पायाला हात लावायचा नाही आणि पायाने डावही मारायचा नाही.

आता आपल्या मातीतले डाव आठवा. टांग, ढाक, एकलंगी, लपेट. किती डावांत पायाचे काम आहे! ज्याचे सारे आयुष्य या डावांत गेले, त्याला सांगायचे की बाबा, पाय बांधून लढ. एका हाताने नांगर धरण्यासारखेच ते.

1962 साली जाकार्ताला आशियाई खेळ झाले. आंदळकर तिथे सर्वांत वरच्या वजनी गटात दोन्ही प्रकारांत उतरले. फ्रीस्टाइलमध्ये त्यांना रुपेरी पदक मिळाले आणि ज्यात पायाचा उपयोगच नाही त्या ग्रीको-रोमनमध्ये सुवर्णपदक! त्याच खेळांत सांगली जिल्ह्यातल्याच कवठेपिरानच्या मारुती माने यांनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रुपेरी पदक मिळवले. एकाच जिल्ह्याची दोन शेतकरी घरची पोरे आणि मिळून चार पदके. मातीत वाढलेल्या मल्लाला गादी जमत नाही, असे म्हणणाऱ्यांना यापेक्षा वेगळे उत्तर नको.

1964 साली आंदळकर टोकियोच्या ऑलिंपिकलाही जाऊन आले. तिथे पदक हाती लागले नाही, पण त्याच वर्षाचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला.

आता वाचकहो, बोटांवर हिशेब करा. 1960 ते 1964, म्हणजे हिंदकेसरीपासून ऑलिंपिकपर्यंत अवघी चार-पाच वर्षे. मागची तयारी आणि पुढची आणखी काही मैदाने धरली, तरी ऐन उमेदीचा काळ दहा-पंधरा वर्षांच्या वर जात नाही. आणि आंदळकर वारले ते 16 सप्टेंबर 2018 रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी. म्हणजे टोकियोनंतर चौपन्न वर्षे. प्रत्येक पैलवानाच्या आयुष्यात ही मोठी रिकामी पट्टी असते. तिच्यात काय पेरायचे हा खरा प्रश्न. कित्येक नामांकित मल्ल याच ठिकाणी फसले. कुणी जुन्या गदेकडे बघत दिवस काढले, कुणी भलत्यांच्या मागे सावलीसारखा फिरला, कुणी व्यसनाला लागला.

आंदळकरांनी या पट्टीत एकच पीक घेतले. ते मोतीबागेतच राहिले आणि वस्ताद झाले.

वस्ताद म्हणजे काय

वस्ताद म्हणजे डाव शिकवणारा मास्तर, एवढाच अर्थ घेऊ नका. डाव तर चार महिन्यांत दाखवता येतात. वस्तादाचे खरे काम पारख करण्याचे. जित्राबाच्या बाजारात जाणता माणूस वासराच्या खुरांवरून आणि खांद्यावरून सांगतो, हा बैल कसा होईल. तसे वस्तादाला पोराच्या चालण्यावरून कळावे लागते. याला दम आहे पण ताकद यायची आहे, याचा खांदा मोकळा नाही, याला रागच फार येतो, हा घाबरतो पण घाबरून मागे हटत नाही. प्रत्येकाला वेगळी मेहनत आणि वेगळा डाव. एकच खत सगळ्या पिकांना घालणारा शेतकरी आणि एकच डाव सगळ्यांना शिकवणारा वस्ताद, दोघांचेही उत्पन्न सारखेच.

दुसरे काम जोड ठरवण्याचे. गावोगावचे यात्रा कमिटीवाले तालमीत येतात, अमुक पैलवान आमच्या मैदानाला द्या म्हणतात. इनाम मोठे असते. पोराच्या घरी पैशाची नड असते. त्या वेळी "हा अजून कच्चा आहे, याला दोन वर्षे मिळणार नाही" असे सांगायला छाती लागते. कच्च्या पोराला मोठ्या जोडीला लावले, तर एका दिवसाचे इनाम मिळते आणि मोडलेला खांदा आयुष्यभर पुरतो. ऊस कोवळा असताना तोडला तर वजनही भरत नाही आणि उताराही पडत नाही, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

आणि तिसरे काम राखणदाराचे. पंधरा-सोळा वर्षांचे पोर आईबाप सोडून शहरात येते. अंगात रग, खिशात थोडे इनामाचे पैसे आणि भोवती वाहवा करणारे. वस्तादाचा धाक नसेल, तर हे पीक एका हंगामात जनावरे खाऊन जातात. पहाटे कोण उठले नाही, रात्री कोण बाहेर होते, घरून कुणाला पत्र आले आणि कोण आठवडाभर गप्प आहे, हे ज्याला कळते तो वस्ताद.

आंदळकरांनी हे काम वर्षानुवर्षे केले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मल्लांत दादू चौगुले यांचे नाव पहिले घ्यावे लागेल. हे राधानगरी तालुक्यातल्या अर्जुनवाड्याचे. 1970 आणि 1971 अशी लागोपाठ दोन वर्षे ते महाराष्ट्र केसरी झाले. 1973 साली रुस्तुम-ए-हिंद झाले. 1974 साली न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चला राष्ट्रकुल खेळांत त्यांनी रुपेरी पदक मिळवले. आणि मग त्यांनी काय केले? गुरूने केले तेच. तेही मोतीबागेत वस्ताद म्हणून उभे राहिले. त्यांचा मुलगा विनोद हाही पुढे हिंदकेसरी झाला.

या गुरुशिष्यांच्या आयुष्याचा शेवटही एकमेकांना लागूनच आहे. 2018 सालचा ध्यानचंद पुरस्कार भारत सरकारने दादू चौगुले यांना जाहीर केला. कुस्तीला वाहिलेल्या आयुष्याचा तो गौरव. दिल्लीत राष्ट्रपतींच्या हस्ते पुरस्कार देण्याचा सोहळा झाला तो 25 सप्टेंबरला. त्याच्या नऊच दिवस आधी आंदळकरांनी पुण्यात डोळे मिटले होते. शिष्याचा तो सोहळा पाहायला गुरू राहिले नाहीत. आणि पुढच्या वर्षी, 20 ऑक्टोबर 2019 रोजी, दादूही गेले. तेरा महिन्यांत मोतीबागेचे दोन मोठे वटवृक्ष कोसळले.

हे मोतीबागेपुरतेच आहे असे मात्र समजू नका. लातूरकडच्या वाचकांना हरिश्चंद्र बिराजदार यांचे नाव सांगायला नको. मराठवाड्यातून कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत आलेला हा मल्ल 1970 च्या राष्ट्रकुल खेळांत सुवर्णपदक घेऊन आला. पुढे पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पोरे घडवली. त्यांतून काका पवार निघाले. अर्जुन पुरस्कार मिळवून तेही वस्ताद झाले. त्यांच्या शिष्यांपैकी राहुल आवारे यांनी 2018 च्या राष्ट्रकुल खेळांत सुवर्णपदक आणि 2019 च्या जागतिक स्पर्धेत ब्राँझपदक मिळवले, आणि आज ते पोलिस खात्यात अधिकारी आहेत. आजा, बाप, नातू असे तीन पिढ्यांचे हे गोत, पण रक्ताचे नव्हे, मातीचे.

घरच्या माणसांसाठी चार शब्द

आता मुलाला घेऊन खासबागेच्या काठावर घटकाभर बसा. त्याचा तालमीचा हट्ट मोडायचा की पुरवायचा, याचा निर्णय तुम्हाला घ्यायचा आहे. मी एवढेच सांगेन की तो डोळे उघडे ठेवून घ्या.

पहिली गोष्ट. तालीम निवडताना भिंतीवरच्या गदा मोजू नका, वस्ताद बघा. चार दिवस तालमीत राहा. पहाटे वस्ताद स्वतः हौदाजवळ असतो का, पोरांना नावाने ओळखतो का, दुखापत झालेल्या पोराला विश्रांती देतो का, हे पाहा. सोन्यासारख्या जमिनीला आळशी धनी मिळाला तर तिचे गवताळ रान होते.

दुसरी गोष्ट. शाळा सोडू देऊ नका. ज्यांच्या हाती गदा आली त्यांना सरकारचे मानधन मिळते, काहींना पोलिस खात्यात, रेल्वेत, सैन्यात नोकरीही मिळते. पण शंभरातल्या एकालाच गदा मिळते, उरलेल्या नव्व्याण्णवांनाही संसार करायचा असतो. आणि नोकरी मिळायची झाली तरी आधी कागदावर काहीतरी लागतेच. खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीला ब्राँझपदक मिळवले, स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तो मल्ल कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेला होता. कुस्ती आणि पुस्तक यांचे वैर नाही.

तिसरी गोष्ट, आणि ही आयांनी नीट ऐकावी. अंग लवकर भरावे म्हणून हल्ली काही पोरे कोणाच्या तरी सांगण्यावरून इंजेक्शने घेतात, डबाबंद पावडरी खातात. रासायनिक खताचा वाजवीपेक्षा जास्त डोस दिला की पीक काळेभोर दिसते आणि वाऱ्याच्या एका झोताने आडवे होते. तसेच हे आहे. यकृत, मूत्रपिंड, हृदय, सगळ्यांवर त्याचा घाव बसतो. मुलगा सुटीला घरी आला की त्याच्या पिशवीत काय आहे ते पाहायला संकोच करू नका. दूध, तूप, कडधान्य, अंडी, जमेल तसे मटण आणि भरपूर झोप, एवढ्यावर आंदळकरांच्या पिढीने पदके आणली.

चौथी गोष्ट कुस्ती सोडल्यानंतरची. मेहनत थांबते, पण खाण्याची सवय थांबत नाही. मग वजन वाढते, गुडघे जातात, रक्तदाब आणि मधुमेह घरात शिरतो. लंगोट खुंटीला टांगला की त्या दिवसापासून ताटही हलके करावे आणि रोजचे चालणे, रानातले काम चालू ठेवावे. जुने जाणते वस्ताद हे पठ्ठ्यांना आवर्जून सांगतात.

आणि मुलगी हट्ट धरून बसली तर? पूर्वी बाईमाणसाने तालमीचा उंबरा ओलांडायचा नाही असा रिवाज होता. आता तो काळ मागे पडला. 2023 च्या मार्चमध्ये सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि तुंग गावच्या प्रतीक्षा बागडी हिने चांदीची गदा उचलली. मुलींसाठी वेगळी सोय, चांगली राहण्याची जागा आणि भरवशाचा वस्ताद असेल, तर तिलाही अडवू नका.

पेरलेले उगवते

आजची कुस्ती बदलली आहे. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग झाले, आणि दोन्हींतले विजेते शेवटी किताबासाठी भिडतात. तालमीतून गाद्या आल्या, घड्याळे आली. काही पेठांतल्या तालमींत आता पैलवानांपेक्षा मंडळाचे सामानच जास्त दिसते, हेही खरे. पण पहाटे हौद उकरणारी पोरे अजून आहेत आणि त्यांच्याकडे पाहत काठावर बसलेला, कान मोडलेला एखादा जुना मल्लही आहे. त्याच्या नावाची पाटी कुठे नसेल, वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला त्याला चाळीस वर्षे झाली असतील. तो मध्येच ओरडतो, "अरे, मान सोडू नको!" आणि हौदातला पोरगा मान सावरतो. त्या क्षणी त्या म्हाताऱ्याची कुस्ती चालूच असते.

आपल्या शेतकऱ्याला हे कळायला अवघड नाही. आंबा लावणारा बहुधा फळ खायला राहत नाही, तरी तो आंबा लावतोच. आंदळकरांनी हिंदकेसरीची गदा आणली, जाकार्ताचे सोने आणले, ते मोठेच. पण गदा घरात राहते आणि सोने पेटीत. त्यांनी मोतीबागेच्या मातीत जी माणसे लावली, त्यांनी आणखी माणसे लावली. लांब टिकला तो हा भाग.

तेव्हा कोल्हापूरला जाल तेव्हा अंबाबाईला ओटी भरा, आणि निघताना मोतीबागेच्या मारुतीपुढे एक नारळ ठेवा. मुलाला सांगा, चिमूटभर माती कपाळाला लाव. मग घरी येऊन सावकाश ठरवा, त्याला कुठे धाडायचे ते.